कच्चा हात

शारजाहला, सजाच्या औद्योगिक वसाहतीत
मी स्टोअर सांभाळतो.
रॉड, आर्गॉनचे सिलिंडर, ग्राइंडरच्या चकत्या, हातमोजे:
काय आलं, काय गेलं, किती उरलं.
कलेतलं मला विचारू नका.
पण त्या वर्षी जे झालं
ते कुठल्या रकान्यात घालावं
मला अजून कळलेलं नाही.

डेन्मार्कची बाई होती, मारेन.
कागदावर एक शिंपला, दोन पुरुष उंच,
पोलादी पत्र्याच्या तुकड्यांचा.
इथले जुने पाणबुडे मोत्यांसाठी श्वास कोंडून खाली जायचे,
त्यांच्या नावे.
विषय, म्हणाली, श्रम.

काम हमदुलेकडे गेलं. दुसऱ्या कुणाकडे जाणार?
इब्राहिम हमदुले, दाभोळचा,
सव्वीस वर्षं पाइपलाइनीवर काढलेली.
त्याच्या जोडांचे एक्स-रे निघत,
जसे दर व्हिसाला त्याच्या छातीचे.
दोन्ही आजवर स्वच्छ.

त्यानं पहिली शिवण घातली.
नाणी एकावर एक टेकवून हलकेच सरकवावीत, तशी.
आम्ही बघत राहिलो. बाईही बघत राहिली,
मग म्हणाली, सुंदर आहे, पण नको.
मला हात दिसायला हवा.
हमदुले म्हणाला, हात दिसला म्हणजे कच्चा.
मधे मी होतो. दोघांचंही थोडं मऊ करून सांगितलं.

मग त्याला वाईट काम करायला बसवलं.
दोन दिवस.
हात थरथरवला, तर थरथरही एका मापाची.
भोकं पाडली, ती सारख्या अंतरावर.
बाई उलट्या बादलीवर बसून मान हलवायची:
हे नाटक आहे.
रात्री तो मेसमध्ये जेवला नाही.
म्हणाला, पावसकर, चालत्या माणसाला रांग म्हणतायत,
आणि वर म्हणतात, मनापासून रांग.

तिसऱ्या दिवशी तिलक.
धनकुट्याचा पोरगा, येऊन चार महिने, झाडू मारायचा.
गंमत म्हणून त्याच्या हातात टॉर्च दिला.
पत्र्यावर मुंगळे चिरडल्यासारखं काहीतरी उमटलं.
बाई उठून उभी राहिली.
डोळ्यांत पाणी होतं तिच्या, खोटं कशाला सांगू.

पण दोन टन लोखंड
मुंगळ्यांवर उभं राहत नाही.
हे हमदुले कुणाला बोलला नाही.
रात्री शिंपल्याच्या पोटात शिरला.
ऑगस्ट. आत कूस बदलायला जागा नाही.
तिलकची एकेक शिवण पाठीमागून पुन्हा जोडली,
सहा रात्री.
रॉड माझ्याकडूनच नेले. कशाला, मी विचारलं नाही.
लिहिलं: इतर.

प्रदर्शनाला मी गेलो एकदा, सुट्टी बघून.
लोक त्या ओबडधोबड रेघांवरून बोटं फिरवत होते.
एक म्हणाली, माणूस दिसतो बघ यात.
दिसत होता.
तिलकची भीती दिसत होती, कुठे हात उचलला,
कुठे घराची आठवण आली असेल ते.
खोटं नव्हतं त्यात काही.
हमदुले कुठेच दिसत नव्हता.
शिंपला उभा होता.

आता परवा बाईची मेल आलीय.
जुळा हवाय, दोहाच्या कुठल्याशा हॉटेलला.
तोच हात, असं अधोरेखित.
तिलकला बोलावलं. त्यानं मास्क खाली ओढला.
नाणी.
पुन्हा कर म्हटलं.
पुन्हा नाणी, एकावर एक, सरकवलेली.
पोरगं रडवेलं झालं.
आणि मागे हमदुले, परतीचं तिकीट खिशात,
इतका हसला की ठसका लागला,
पाणी द्यावं लागलं.

उत्तर लिहायला मलाच बसवलंय.
पत्रा आहे, बाई. आर्गॉन आहे.
आत शिरणारा माणूस महिनाअखेरपर्यंत आहे.
ही ओळ खोडली.
कच्चा हात:
शिल्लक शून्य.
नवा कधी येईल, सांगता येत नाही.